बटाट्याची वाटी, मांसाचे सारण

गोव्यातील ख्रिस्ती घरांत आणि मुंबई-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजात 'पोटॅटो चॉप' या नावाने ओळखला जाणारा पदार्थ आज सणासुदीचा आणि पाहुणचाराचा मानला जातो. उकडून कुस्करलेल्या बटाट्याच्या वाटीत शिजवलेला खिमा भरावा, वाटीचे तोंड मिटवून ती हाताने चपटी करावी आणि मग अंड्यात बुडवून, रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवून तव्यावर तांबूस तळावी, अशी त्याची थोडक्यात कृती आहे. या पदार्थाच्या पूर्वजांचा माग काढू लागले, की वाट इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घराच्या सोमवारच्या स्वयंपाकघरात जाऊन पोहोचते, जेथे रविवारी भाजलेल्या मांसाचा उरलेला थंड तुकडा कसा संपवावा हा प्रश्न दर आठवड्याला गृहिणीपुढे उभा असे. त्या स्वयंपाकघरापासून मडगावच्या लग्नघरापर्यंत येताना या पदार्थाने आपले मूळ कारणच मागे टाकले. त्याची कृती मात्र टिकली, आणि ती का टिकली हा त्याच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मांसाच्या गुणधर्मात दडलेले आहे. कच्च्या खिम्यात मीठ घालून तो मळला, की मांसातील काही प्रथिने सुटी होऊन चिकट बनतात आणि उष्णता लागताच गोठून खिम्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात. सीख कबाब सळईवरून गळून पडत नाही तो याच गुणामुळे. एकदा भाजलेल्या मांसातील प्रथिने मात्र आधीच गोठलेली असतात, त्यामुळे त्याचा कितीही बारीक चुरा केला तरी तो पुन्हा एकसंध होत नाही, आणि रस निघून गेल्यामुळे तोंडात कोरडाही लागतो. अशा मांसाला बाहेरून बांधणी द्यावी लागते, म्हणजे कण जोडून ठेवणारा आणि ओलावा पुरवणारा दुसरा एखादा पदार्थ त्यात मिसळावा लागतो. आपल्याकडील शामी कबाबात मांस आधी शिजवले जाते, पण हरभऱ्याची डाळ त्याच्याबरोबरच शिजवून वाटली जाते आणि बांधणीचे काम ती डाळ करते. युरोपातील घरांत हेच काम शिळ्या पावाने, मैदा आणि दूध आटवून केलेल्या घट्ट सारासारख्या मिश्रणाने, आणि बटाटा तेथे रुळल्यानंतर उकडलेल्या बटाट्याने केले. बटाट्यातील पिष्ट, म्हणजे त्याचा स्टार्च, उकडताना पाणी शोषून फुगतो व थंड झाल्यावर घट्ट होतो, त्यामुळे आदल्या दिवशीचा थंड बटाटा आणि आदल्या दिवशीचे थंड मांस ही जोडी स्वयंपाकाच्या दृष्टीने अगदी नेमकी ठरते.

बटाट्याच्या आधीही युरोपात उरलेल्या मांसाचे तळलेले पदार्थ होतेच. इंग्रजीतील 'रिसोल' हा शब्द फ्रेंचमधून आलेला असून त्याचे मूळ 'तांबूस' या अर्थाच्या लॅटिन शब्दात सांगितले जाते. जुन्या काळी हा पदार्थ पिठाच्या पारीत सारण भरून तळला जाई, म्हणजे घडणीने तो आपल्या करंजीच्या जवळचा होता. पोर्तुगालमध्ये आणि तेथून गोव्यात पोहोचलेले 'रिसॉइस' आजही अर्धचंद्राकृती व पारीचेच असतात, तर इंग्लंडमध्ये पारी गळून गेली आणि 'रिसोल' म्हणजे थंड मांसाचा चुरा, पाव, कांदा व अंडे यांचे तळलेले गोळे, असा अर्थ रूढ झाला. 'क्रोकेट' हे त्याचे फ्रेंच भावंड, 'कुरकुर आवाज करीत चावणे' या अर्थाच्या क्रियापदावरून नाव मिळालेले. त्याच्या आत बहुधा मैदा-दुधाचे ते घट्ट मिश्रण असते.

इंग्लंडमध्ये या पदार्थाला जे स्थान मिळाले ते आठवड्याच्या रचनेमुळे. रविवारी चर्चमधून आल्यावर मांसाचा मोठा तुकडा भाजावा, कुटुंबप्रमुखाने तो मेजावर कापून वाढावा, सोमवारी उरलेले तसेच थंड खावे, कारण सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असल्याने चूल व बायकांचे हात दोन्ही त्यात गुंतलेले असत, आणि त्यानंतरही जे उरेल ते बारीक करून त्याचे काहीतरी नवे करावे, असा हा क्रम होता. मांस महाग होते व मोठा तुकडा भाजणे ही प्रतिष्ठेची बाब होती. त्यामुळे रविवारची प्रतिष्ठा राखण्यासाठी उरलेला आठवडा काटकसरीत काढणे मध्यमवर्गीय गृहिणीला भाग पडे. इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थापनावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १८६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, आणि त्यातील अनेक कृतींच्या शीर्षकाला 'थंड मांसाचा स्वयंपाक' अशी जोड दिलेली आढळते. उरलेल्या मांसासाठी वेगळी खूण करावी इतका तो रोजच्या व्यवहाराचा भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दांडा फिरवून चालवायचे बिडाचे खिमायंत्र घरोघरी येऊ लागले, तेव्हा सुरीने तासभर बारीक चिरण्याचे काम काही मिनिटांवर आले आणि अशा पदार्थांची संख्या आणखी वाढली.

बटाटा या व्यवहारात उशिरा शिरला. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतून तो सोळाव्या शतकात स्पेनमार्गे युरोपात पोहोचला खरा, पण जमिनीखाली वाढणाऱ्या या कंदाविषयी बराच काळ संशय होता. फ्रान्समध्ये तो संशय दूर करण्याचे श्रेय आंत्वान-ओगुस्तँ पार्मांतिए या लष्करी औषधशास्त्रज्ञाला दिले जाते; सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत असताना त्याला बटाटे खावे लागले, आणि सुटून आल्यावर त्याने उरलेले आयुष्य या कंदाचा पुरस्कार करण्यात घालवले. बारीक केलेल्या मांसावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भट्टीत भाजलेल्या फ्रेंच पदार्थाला आजही त्याचेच नाव आहे. इंग्लंडमधील 'कॉटेज पाय' याच कुळातला असून त्याचा उल्लेख अठराव्या शतकाच्या अखेरीस सापडतो. मांस आणि बटाटा भट्टीत एकावर एक रचले की पाय होतो, एकत्र मळून तळले की टिक्की होते. दोहोंचे साहित्य एक आणि गरजही एकच.

युरोपीय सत्तांबरोबर ही कृती जेथे जेथे गेली तेथे तिने स्थानिक वेश घेतला. डच लोकांचा 'फ्रिकाडेल' इंडोनेशियात 'पर्केडेल' झाला, आणि तेथे कुस्करलेला बटाटा व थोडे मांस यांची अंड्यात बुडवून तळलेली छोटी टिक्की भाताबरोबर व रश्श्याबरोबर खाल्ली जाते. जपानमध्ये 'क्रोकेट'चे 'कोरोक्के' झाले. बटाटा आणि खिमा यांचा हा पदार्थ तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी इतका लोकप्रिय झाला की त्यावर रचलेले एक विनोदी गाणे १९१७ च्या सुमारास सर्वतोमुखी झाले होते. ज्या इंग्लंडमध्ये हा पदार्थ गरजेतून वाढला तेथे मात्र त्याची पत उतरत गेली. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४० पासून मांसावर नियंत्रण आले व ते जुलै १९५४ पर्यंत टिकले. युद्धकाळात बटाटा नियंत्रणमुक्त असल्याने अन्नखात्याने त्याचा जोरदार प्रचार केला, 'पोटॅटो पीट' नावाचे एक चित्रपात्रही त्यासाठी निर्माण केले. साहजिकच टिक्कीत बटाटा वाढत गेला आणि मांस केवळ वासापुरते राहिले. एका संपूर्ण पिढीच्या मनात रिसोल म्हणजे टंचाई हे समीकरण बसले, आणि हा त्या पदार्थावर झालेला अन्याय होता असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी रविवारच्या भाजलेल्या मांसाची आवड बरोबर आणली, पण त्यामागचा आठवड्याचा हिशेब येथील हवेत चालणारा नव्हता. लंडनमध्ये थंड खोलीत तीन दिवस राहणारे मांस मुंबईच्या मे महिन्यात दुसऱ्या सकाळपर्यंतही भरवशाचे राहत नसे. अन्न ठेवण्यासाठी जाळीचे कपाट असे व मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, पण अशा कपाटाने माशा आणि मुंग्या रोखल्या जात, उष्मा रोखला जात नसे. अमेरिकेतून जहाजाने आलेले नैसर्गिक बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्यास उतरले व पाठोपाठ मुंबईतही येऊ लागले, तरी ती श्रीमंतांची चैन होती. उलट येथे बाजारात रोज ताजे मटण मिळे, ते विलायतेच्या मानाने स्वस्त असे, आणि बारीक चिरण्या-वाटण्यासाठी स्वयंपाकघरात माणसेही असत. त्यामुळे उरलेल्या मांसाची टिक्की करण्याची कृती हिंदुस्थानात आली तेव्हा तिच्यातील 'उरलेले' हा भाग सैल झाला आणि ताजा खिमा शिजवून तीच कृती करणे सोयीचे ठरले.

याला अन्नाविषयीच्या येथील कल्पनांचीही जोड होती. मराठीत 'शिळे' आणि 'उष्टे' हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. पहिल्यात केवळ काळ गेल्याचा भाव आहे, तर दुसऱ्यात दुसऱ्याच्या तोंडाचा स्पर्श झाल्याचा दोष आहे. शिळ्या अन्नाला नवे रूप देण्यात मराठी घरांनी कधी कमीपणा मानला नाही, फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी ही त्याची रोजची साक्ष आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत तर 'काल्ची कडी', म्हणजे आदल्या दिवशीची आटवून दाट केलेली माशाची आमटी, सकाळी पावाबरोबर आवडीने खाल्ली जाते. परंतु पाहुण्याच्या पानात शिळे वाढू नये हा संकेत सर्वत्र पाळला गेला, आणि ज्या दिवशी टिक्की पाहुण्यासाठी होऊ लागली त्या दिवशी तिच्यातले मांस ताजे असणे अपरिहार्य झाले.

नावांचीही या प्रवासात अदलाबदल झाली. 'कटलेट' हा शब्द 'लहान बरगडी' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेला आहे, आणि 'चॉप' म्हणजे इंग्रजीत बरगडीच्या हाडासकट कापलेला मांसाचा काप. व्हिक्टोरियाकालीन पाकपुस्तकांत खिम्याला अशा कापाचा आकार देऊन हाडाच्या जागी मॅकरोनीचा तुकडा खोचण्याची रीत आढळते. हाड जाऊन आकार उरल्याची ती पहिली पायरी होती. हिंदुस्थानात तो आकारही सैल झाला, आणि 'कटलेट' म्हणजे खिमा व बटाटा एकत्र मळून केलेली टिक्की, तर 'चॉप' म्हणजे बटाट्याच्या आवरणात सारण भरलेली टिक्की, असा साधारण भेद स्थिरावला. बंगालमध्ये 'चॉप' इतका रुळला की केळफुलाचा चॉपही तेथे सर्वमान्य आहे. मांस बटाट्यात मिसळण्याऐवजी आत भरण्याचा हा बदल क्षुल्लक नाही. इंग्रजी टिक्कीत बटाट्याने मांसाची चव सौम्य केली होती. येथे मसाल्यात परतलेला खिमा स्वतःच इतका चविष्ट असतो की त्याला बटाट्यात विरघळू देणे हा तोटा ठरला असता. शिवाय असा परतलेला खिमा शिजलेलाच असतो, म्हणून तोही स्वतःहून बांधला जात नाही. ताजे मांस वापरले तरी बटाट्याची गरज उरली ती यामुळेच. पुरण भरून पारी मिटवण्याची सवय ज्या हातांना पिढ्यानपिढ्या होती त्या हातांना ही वाटी जड गेली नसावी.

गोव्यापुरता विचार केला तर या पदार्थाचे नाव एक महत्त्वाचा पुरावा पुढे ठेवते. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द मराठी व कोंकणीत पोर्तुगिजांकडून आले. पोर्तुगीज सत्तेने गोव्याला 'क्रोकेत' आणि 'रिसॉइस' हे तळलेले पदार्थही दिले. पण पोर्तुगीज परंपरेतील क्रोकेत बटाट्याच्या वाटीत भरलेले नसते, आणि 'चॉप' हा शब्द तर सरळ इंग्रजी आहे. साडेचारशे वर्षे पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या प्रदेशातील एका लाडक्या पदार्थाला इंग्रजी नाव असावे, याचा उलगडा गोव्यातून मुंबईकडे झालेल्या स्थलांतराकडे पाहिल्याशिवाय होत नाही. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ ते १८१३ या वर्षांत, ब्रिटिश फौजेचा तळ गोव्यात होता आणि त्यानंतर ब्रिटिश मुलखात नोकरी शोधणाऱ्या गोमंतकीयांचा ओघ वाढत गेला. स्वयंपाकी, बटलर, वादक, शिंपी आणि जहाजांवरील खानपानसेवक म्हणून ख्रिस्ती गोमंतकीयांना मागणी होती, कारण गोमांस व डुकराचे मांस हाताळण्यात त्यांना धर्माची आडकाठी नव्हती आणि युरोपीय भोजनपद्धतीशी त्यांचा परिचय होता. धोबी तलाव, माझगाव या भागांत त्यांच्या गावागावांचे 'कूड', म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालवलेली सामाईक निवासस्थाने, उभी राहिली. बोटीची वाट पाहणारा खलाशी आणि नोकरीच्या शोधातला आचारी तेथे एका छपराखाली राहत. साहेबाच्या बंगल्यात, क्लबात आणि जहाजाच्या भटारखान्यात शिकलेला चॉप याच लोकांनी गावी नेला असावा, असे अनुमान करण्यास नाव आणि कृती दोन्ही आधार देतात. एरवी इतिहासात ज्यांची नावे लागत नाहीत त्या या आचाऱ्यांचे हे कर्तृत्व आहे, आणि ते त्यांच्या नावे नोंदले गेले पाहिजे.

गावी पोहोचल्यावर चॉप गोमंतकीय झाला. खिम्यात कांदा, आले, लसूण, हिरवी मिरची, हळद, मिरपूड आणि शेवटी व्हिनेगर पडते. कित्येक घरांत अजूनही पावाच्या चुऱ्याऐवजी बारीक रव्यात घोळवतात, त्यामुळे वरचे कवच दाणेदार होते. बटाटा सालासकट उकडतात, नाहीतर तो पाणी धरतो आणि तळताना वाटी फुटते. कुस्करताना गाठ राहू देत नाहीत, आणि खिमा पूर्ण कोरडा होईपर्यंत परतून गार केल्याशिवाय भरत नाहीत, कारण आत अडकलेली वाफ बाहेर पडायला वाट शोधते. हे सारे नियम तोंडी शिकवले जातात. फेस्ताच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या वार्षिक उत्सवाच्या, दुसऱ्या दिवशी उरलेले भाजलेले मांस बारीक करून चॉपात भरण्याची चालही पूर्णपणे गेलेली नाही; त्या दिवशी पदार्थ नकळत आपल्या मूळ कारणाकडे परत जातो.

मुंबई आणि उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन समाज हा मराठीची एक बोली बोलणारा मूळचा ख्रिस्ती समाज आहे, आणि महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्याने हे नाव धारण केले. त्यांच्याही चॉपात बटाट्याचीच वाटी असते. पारशी घरांतील 'कटलेस'मध्ये मात्र खिमा, बटाटा आणि भिजवलेला पाव एकत्र मळले जातात, आणि चुऱ्यात घोळवल्यानंतर शेवटी फेटलेल्या अंड्यात बुडवून गरम तेलात सोडल्यामुळे कडेने अंड्याची जाळी फुलते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी खिमा पॅटीस म्हणतात ते पुन्हा वाटीचेच. 'पॅटीस' या शब्दाची वाटचालही अशीच वळणाची आहे. मुळात तो पिठाच्या पारीतील पदार्थाचा वाचक, आणि बेकरीतल्या पापुद्र्याच्या पॅटीसमध्ये तो अर्थ अजून जिवंत असताना घरातल्या पॅटीसमध्ये पारीची जागा बटाट्याने घेतलेली आहे.

यासाठी बटाटा मुबलक हवा होता, आणि तो एकोणिसाव्या शतकात मिळू लागला. महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी तेथे इंग्रजी भाज्यांचे मळे पिकवले, त्यांत बटाटाही होता. पुढे पुणे जिल्ह्यात खेड, मंचर, जुन्नर या भागांत त्याची लागवड पसरली. परका म्हणून आलेला हा कंद बघता बघता उपवासाला चालू लागला. शास्त्रात ज्याचे नावच नाही त्याला निषेध तरी कोठून असणार, अशा काहीशा न्यायाने बटाटा, साबुदाणा, शेंगदाणे आणि मिरची या अमेरिकेतून आलेल्या चौघांनाही व्रताच्या फराळात जागा मिळाली.

मराठी घरांतील उपवासाचे पॅटीस ही या इतिहासाची सर्वांत विस्मयकारक शाखा आहे. उकडलेल्या बटाट्याचा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने त्याची वाटी करायची, सारण भरून तोंड मिटवायचे, हाताने चपटे करायचे आणि तळायचे, ही कृती पोटॅटो चॉपचीच आहे; फक्त आत खिम्याऐवजी ओले खोबरे, हिरवी मिरची, बेदाणे, चवीपुरते मीठ व साखर असते. अंडे आणि पाव दोन्ही वर्ज्य असल्याने बाहेरच्या कवचासाठी आरारूट किंवा शिंगाड्याचे पीठ बटाट्यात मळले जाते, आणि तळण्यासाठी बऱ्याच घरांत शेंगदाण्याचे तेल किंवा तूप वापरतात. मांसाला बांधून ठेवण्यासाठी शोधलेली ही वाटी अशा रीतीने एकादशीच्या ताटात आली आहे, आणि ती वळणारे हात मडगावातल्या त्या हातांप्रमाणेच सारण पुरते गार झाले की नाही हे भरण्यापूर्वी बोटाने चाचपून पाहतात.